सभागृहात गहिवर, संताप आणि मतदान

हिंदमाता

जुलै १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून त्याची कारणं सांगितली. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित ठेवायचं चाललं होतं. जानेवारीत इथे गोळीबार होऊन माणसं मेली होती. देशमुख म्हणजे आयसीएस या ब्रिटिशकालीन सनदी सेवेतला माणूस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, संस्कृतचे व्यासंगी. आवाज चढवणं हा त्यांचा पिंड नव्हे. निवेदनात त्यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवलं: गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का झाली नाही, आणि एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न येता जाहीर कसा झाला. राग होता, भरपूर होता. पण तो अशा रूपात समोर आला की सरकारला उत्तर देणं टाळता येण्यासारखं नव्हतं.

हे आज वर काढायचं कारण सांगतो. सध्या काही कॉलेजच्या मुलांबरोबर अभिरूप युवा संसदेची तयारी चालू आहे. सूचनापत्रात पहिल्याच पानावर लिहिलंय की भाषण भावनिक नसावं, मुद्देसूद असावं. मुलं ते अगदी शब्दशः पाळतात. शेतकरी आत्महत्येवर बोलताना हवामानाचा अंदाज वाचल्यासारखी बोलतात. आणि टीव्हीवर खरं अधिवेशन लावलं की नुसता आरडाओरडा. मुलांना या दोन्हींपैकी काही शिकवावं असं मला वाटत नाही, म्हणून इथल्या जाणत्या मंडळींपुढे हा विषय ठेवतोय.

माझं मत आधी मांडतो. भावना सभागृहात आलीच पाहिजे. ज्यांच्या नळाला पाणी नाही त्यांचा प्रतिनिधी चिडणार नाही तर कोण चिडणार? पण त्या भावनेने समोरच्याकडे काहीतरी मागावं: एखादा आकडा, एखादी चौकशी, एखादी तारीख. जिला उत्तर देता येतं किंवा द्यावं लागतं, ती भावना चर्चेत टिकते.

ऑगस्ट १९६३ घ्या. लोकसभेतला पहिला अविश्वास प्रस्ताव आचार्य कृपलानींनी मांडला होता. डॉ. लोहिया नुकतेच फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून आले होते. त्यांनी सांगितलं, देशातली २७ कोटी माणसं रोज तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर रोज २५ हजार रुपये खर्च होतात. नेहरूंनी सांगितलं, तीन नव्हे, पंधरा आणे. लोहियांचं म्हणणं असं की सरासरी काढताना वरच्यांची कमाई खालच्यांच्या नावावर मांडली जाते. मग तीन आणे की पंधरा आणे यावर सभागृहात मोठा वाद झाला. संताप काठोकाठ होता, पण त्याला तपासून बघता येत होतं. ज्याला लोहियांचं पटत नव्हतं त्यालाही हिशेब मांडून बसावं लागलं.

मला जास्त धास्ती वेगळ्या प्रसंगाची वाटते. सगळ्या सभागृहात एकच भावना एकाच दिशेने उसळते, तेव्हाची. १४ नोव्हेंबर १९६२ ला चीनच्या ताब्यात गेलेला मुलूख परत घेण्याची प्रतिज्ञा लोकसभेने उभं राहून केली. त्या दिवसांत ते स्वाभाविक होतं. ठराव आजही कायम आहे, मुलूख परत आलेला नाही. दुसरा प्रसंग २२ डिसेंबर २०१५ चा. राज्यसभेत बालन्याय विधेयक होतं. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातला अल्पवयीन गुन्हेगार दोनच दिवसांपूर्वी सुटला होता आणि त्या मुलीचे आईवडील प्रेक्षक गॅलरीत बसले होते. त्यांच्या समोर 'थांबा, विचार करू' असं म्हणणं किती कठीण असेल! १६ ते १८ वयाच्या मुलांवर घृणास्पद गुन्ह्यांसाठी प्रौढांसारखा खटला चालवता येईल, असा कायदा झाला. विधेयक बारकाईने तपासायला निवडक सदस्यांच्या प्रवर समितीकडे पाठवा अशी मागणी झाली, माकपने सभात्याग केला, पण विधेयक त्याच दिवशी मंजूर झालं. २०१२ च्या त्या प्रकरणानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने वय खाली आणू नका असं आधीच सांगितलं होतं.

म्हणून माझा आग्रह आहे की भावनेला पहिला दिवस द्यावा, मतदान मात्र त्या दिवशी घेऊ नये.

पहिली_लोकल

विषय महत्त्वाचा आहे, पण सगळ्यात मोठी गोष्ट राहून गेली. १९८५ ला ५२ वी घटनादुरुस्ती झाली, पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. पक्षादेश मोडून मत दिलं की सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे लोहियांनी कितीही हलवून सोडलं तरी आजचा सत्ताधारी खासदार हात वर करणार तो पक्षाने सांगितल्याप्रमाणेच. मग सभागृहात मन कुणाचं वळवायचं?

उत्तर सरळ आहे. बाहेरच्यांचं. प्रश्नोत्तरांचा तास १९९४ च्या डिसेंबरपासून थेट दिसू लागला, २००६ मध्ये लोकसभेचं स्वतःचं चॅनल आलं. आता तर भाषणाचा दीड मिनिटाचा तुकडा त्याच संध्याकाळी फोनवर येतो. मी रोज बदलापूर ते सीएसएमटी करतो. डब्यात बाजूच्या माणसाच्या फोनवर हेच चालू असतं. कुणीतरी खासदार टेबलावर हात आपटतोय, खाली मोठ्या अक्षरांत 'बोलती बंद केली'. त्या तुकड्यात प्रश्न असतो, मंत्र्याचं उत्तर कापलेलं असतं. किंवा उत्तर असतं आणि प्रश्न कापलेला असतो.

हिंदमाता, तुम्ही म्हणता भावनेला उत्तर देता आलं पाहिजे. तुकड्याला उत्तर कोण देणार?

टी_वाय_बीए

मी त्याच युवा संसदेतला एक. सर, तुमचा नियम मला पूर्ण पटत नाही, सांगतो का ते.

२० जुलै २०२१. राज्यसभेत कोविडवर चर्चा होती. खासदार मनोज झा यांनी गंगेत वाहून आलेल्या मृतदेहांबद्दल बोलताना सांगितलं की गेलेल्यांची आपण सगळ्यांनी मिळून माफी मागायला हवी. ते भाषण मी फोनवरच पाहिलं, तुकड्यातच पाहिलं. त्याच दिवशी त्याच सभागृहात आरोग्य राज्यमंत्र्यांचं लेखी उत्तर होतं की ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंची स्वतंत्र नोंद राज्यांनी कळवलेली नाही.

म्हणजे आकड्याचा रकानाच रिकामा. एप्रिलमध्ये सिलिंडर मिळवण्यासाठी रात्रभर फोन लावत बसलेली माणसं मी माझ्या घरात बघितली आहेत. ज्यांचा आकडाच कुठे लिहिला नाही, त्यांच्या वतीने उभं राहणारा खासदार कुठला हिशेब मांडणार? तिथे गहिवर हीच एक नोंद उरते. तीन आणे मोजता तरी येत होते.

प्रतिवेदक_निवृत्त

मी राज्य विधिमंडळात प्रतिवेदक होतो. भाषणं लघुलिपीत उतरवून घेणं हे आमचं काम. नोंदीचा विषय निघाला म्हणून लिहितो.

अध्यक्षांच्या आसनासमोर आमचं टेबल असतं. ठरावीक मिनिटांनी पाळी बदलते. पुढचा सहकारी हळूच येऊन शेजारी बसतो, लिहायला लागतो, मगच आधीचा उठतो, कारण मधला शब्द सुटता कामा नये. सदस्य वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरले की ते थेट आमच्या टेबलाभोवती येऊन उभे राहतात. एकाच वेळी दहा जण बोलत असतात, कागद भिरकावले जातात, आणि आपण मान खाली घालून ज्याला अध्यक्षांनी परवानगी दिली आहे त्याचाच आवाज त्यातून वेगळा काढायचा. हे कसब आहे आणि त्याला वर्षं लागतात.

आता भावनेचं. छापील कामकाजात कंसात 'हशा' येतो, 'टाळ्या' येतात, 'अडथळा' येतो, 'गोंधळ' येतो. हुंदक्याला कंस नाही. एकदा दुष्काळावरच्या चर्चेत ग्रामीण भागातले एक ज्येष्ठ सदस्य चारा छावणीबद्दल सांगत होते. दावणीची जनावरं बाजारात नेली आणि गिऱ्हाईकच आलं नाही, एवढं म्हणून ते थांबले. सभागृहात चिटपाखरू बोलेना. समोरच्या बाकांवरून एक मंत्री उठून अर्ध्यात उभे राहिले आणि पुन्हा बसले. माझ्या वहीत अर्धं वाक्य आणि पुढे एक आडवी रेघ. छापून आलं तेव्हा तिथे तीन टिंबं होती. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला वाटेल, ध्वनिक्षेपक बंद पडला असावा.

दुसरं एक निरीक्षण. लोक म्हणतात आमदार उगाच ओरडतात. वेळ पक्षाच्या संख्याबळाप्रमाणे वाटला जातो. मागच्या बाकावरच्या सदस्याला रात्री उशिरा दोन-तीन मिनिटं मिळतात आणि दुसऱ्या वाक्याला घंटी वाजते. तातडीच्या विषयावर मंत्र्याचं उत्तर मागणारी लक्षवेधी सूचना लागली तर लागली. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचा, प्रश्न पहिल्या पाच-सहांत नसेल तर त्याची पाळी येतच नाही. हाच सदस्य सकाळी औचित्याच्या मुद्द्यावर किंचाळून बोलतो किंवा पायऱ्यांवर फलक घेऊन बसतो. शांतपणे बोलायला पुरेसा वेळ मिळालेला सदस्य किंचाळताना मी फार क्वचित पाहिला.

लालबागची_सून

काका, तीन टिंबांचं वाचून गलबलून आलं.

पण मला हिंदमातांच्या 'मतदान नंतर' या आग्रहावर भांडायचं आहे. नंतर म्हणजे कधी? हिंदूंचे विवाह, वारसा यांचे कायदे बदलणारं हिंदू कोड बिल बघा. सगळे म्हणत होते घाई नको, समाजाच्या भावना दुखावतात. विधेयक रखडत ठेवलं. बाबासाहेबांनी १९५१ च्या सप्टेंबरात राजीनामा दिला, त्यामागचं हे एक मोठं कारण. आणि ऑक्टोबरात ते सभागृहात निवेदन करायला उभे राहिले तेव्हा उपाध्यक्षांनी आधी प्रत हवी म्हणून अडवलं. ते उठून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. चिंतामणरावांचा राग सभागृहाने ऐकून घेतला, बाबासाहेबांचा ऐकला नाही. एकाच संसदेत, पाच वर्षांच्या अंतराने. त्या विधेयकातले तुकडे मग १९५५-५६ मध्ये वेगवेगळे कायदे होऊन आले.

महिला आरक्षणाचं तेच. १९९६ ला विधेयक आलं. १९९८ ला मंत्र्यांच्या हातून प्रत हिसकावून फाडली. २०२३ ला मंजूर झालं, लोकसभेत ४५४ विरुद्ध २. मधली २७ वर्षं आम्हाला हेच सांगितलं गेलं की शांतपणे विचार करू. शांतपणा ज्यांना परवडतो ते शांत राहतात.

आणि एक. पुरुष सदस्य ओरडला की बातमी येते 'आक्रमक', बाई रडली की 'भावुक'. २०२३ च्या अधिवेशनात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन विधानभवनात आल्या. बाळाला पाजण्यासाठीच्या हिरकणी कक्षात धूळ, नीट सोय नाही. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी टीव्हीवर त्यांचे अश्रू दिसत राहिले. मला विचाराल तर त्यातला मुद्दा अगदी तुमच्या नियमात बसणारा होता: खोली द्या, स्वच्छ द्या, आज द्या. मृणालताई गोरे 'पाणीवाली बाई' झाल्या त्या नुसत्या चिडून नाही. गोरेगावात कुठल्या वस्तीत नळ नाही हे त्यांना पाठ होतं. रागाबरोबर पाइपलाइनचा नकाशा घेऊन येणारी बाई कुणाला भावुक म्हणून उडवून लावता येत नाही.

हिंदमाता

ताई, बाबासाहेब आणि चिंतामणराव शेजारी शेजारी ठेवलेत, हे फार मोलाचं. आजच्या लोकसभेत नियम १९९ आहे: राजीनामा दिलेल्या मंत्र्याला निवेदन करता येतं आणि त्यावर चर्चा होत नाही. म्हणजे दुखावलेल्या माणसाला मध्ये न अडवता ऐकून घ्यायचं, ही सोय संसदेने स्वतःच्या नियमांत करून ठेवली आहे. ती मंत्र्यापुरती का असावी? ज्याच्या मतदारसंघात पूल पडला त्या आमदाराला दहा मिनिटं का नसावीत?

'नंतर' म्हणजे कधी, याला माझ्याकडे उत्तर आहे. २३ डिसेंबर २०१२ ला वर्मा समिती नेमली. देशभरातून सुमारे ८० हजार सूचना आल्या, आणि २३ जानेवारीला अहवाल हातात होता. एप्रिलमध्ये कायदा. समिती नेमण्याच्या पाच दिवस आधी, १८ डिसेंबरला, राज्यसभेत जया बच्चन बोलता बोलता रडल्या होत्या. तो हुंदका वाया गेला नाही आणि त्याच्या भरात कलमंही लिहिली गेली नाहीत. मध्ये एक महिना मिळाला, आणि तेवढा पुरला. मी २७ वर्षं मागत नाही.

टी_वाय_बीए, तुझ्या रिकाम्या रकान्याचं उत्तर माझ्याकडे आहे का, विचार करतोय. एवढं म्हणतो की 'रकाना रिकामा का' हीसुद्धा मागणीच आहे, आणि ती मोठी आहे. तू उद्या त्या विषयावर बोललास तर गहिवर येऊ दे, पण शेवटी मंत्र्याला विचार की नोंद कुठल्या तारखेपासून सुरू करणार.

राजापूरकर_चाकरमानी

नाथ पैंचं नाव कसं कुणी घेतलं नाही? आमचे वडील परळच्या गिरणीत. गावी सुट्टीला गेले की राजापूरच्या सभेत पै साहेबांचं भाषण ऐकलेलं शेवटपर्यंत सांगायचे. १९५७ पासून निधनापर्यंत ते आमचे खासदार. त्यांच्यानंतर मधू दंडवते. दोघेही विद्वान, दोघांनाही हसवता यायचं आणि रडवता यायचं. दंडवते सर रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम आला. गरिबाची पाठ दुखते, हे त्यांनी नुसतं भाषणात ठेवलं नाही.

काळा_घोडा

वकिली करतो, त्यामुळे माझ्याकडे या विषयाची पुढची पाटी येते. सभागृहात भावनेच्या भरात झालेला कायदा तीन-चार वर्षांनी आमच्या टेबलावर पडतो.

मुंबईतलंच उदाहरण घ्या. २००५ ला डान्स बारबंदी आली. संसार उद्ध्वस्त होतात, तरुण पोरं पैसे उधळतात, हे सगळं सभागृहात फार तळमळीने मांडलं गेलं आणि ती तळमळ खरी होती. दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. पण त्यात तीन तारांकित आणि वरच्या हॉटेलांना सूट. एप्रिल २००६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. समानतेचा आणि व्यवसायस्वातंत्र्याचा भंग. जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. २०१४ च्या जूनमध्ये विधिमंडळाने सूट काढून पुन्हा विधेयक आणलं आणि चर्चेशिवाय एकमताने मंजूर केलं. २०१६ ला तिसरा कायदा, त्यातली कलमं जानेवारी २०१९ ला पुन्हा पडली. चौदा वर्षं. या सगळ्यात त्या बारमध्ये नाचणाऱ्या बायकांचं पुढे काय होणार, त्या कुठे जाणार, हा प्रश्न विधेयकाच्या वेळी धसाला लागलाच नाही. त्यांच्या बाजूने गहिवरणारं सभागृहात कुणी नव्हतं. एकमत झालं तिथे कुणाची तरी भावना गैरहजर आहे, हे मी आता गृहीतच धरतो.

उलट बाजूही सांगतो. ५ जुलै २०२१ ला विधानसभेत गोंधळ झाला आणि १२ आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तो ठराव घटनाबाह्य ठरवला. सदस्य त्या अधिवेशनापुरता बाहेर काढता येतो. वर्षभर बाहेर ठेवलं तर शिक्षा त्याच्या मतदारसंघाला होते. रागावणाऱ्याला आवर घालणारं सभागृहही रागाच्या भरात मर्यादा ओलांडू शकतं.

पहिली_लोकल यांच्या पक्षादेशाच्या मुद्द्याबद्दल: संसदेच्या विभागनिहाय स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. तिथे कॅमेरा नसतो, पक्षादेश नसतो. साक्षीदार येतात, बाधित लोक येतात, वेळ मिळतो. खासदार पक्ष विसरून एकमेकांना प्रश्न विचारतात. गहिवर आणि कागद एकाच टेबलावर येण्याची खरी जागा ती. बालन्याय विधेयकही अशा समितीपुढे गेलं होतं आणि तिने वय कमी करण्याच्या विरोधात अहवाल दिला होता. सरकारने तो मानला नाही.

पहिली_लोकल

समितीचं पटलं. पण मग तिची बैठक लोकांना दिसायला नको का? कॅमेरा आला की तुकडे आले, हेही खरंच.

बोरीबंदर

एवढं सगळं वाचून मला वेगळं लिहावंसं वाटतंय.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री माझे काका स्टेशनात होते. गावी जायला निघाले होते. ते परतले नाहीत. याहून जास्त इथे लिहीत नाही.

त्या डिसेंबरात संसदेत चर्चा झाली आणि १६ ते १८ तारखेच्या आत एनआयए ही राष्ट्रीय तपास संस्था उभारणारा कायदा आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याची दुरुस्ती दोन्ही सभागृहांनी मंजूर केली. आमच्या घरात ती चर्चा सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून पाहिली. खासदार गंभीर होते, कुणी कुणाला टोकत नव्हतं. आमच्या शहराचं दुःख दिल्लीत कुणीतरी आपलं मानतंय, असं आजीला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. त्या वेळी कुणी उठून म्हणालं असतं की थांबा, भावना ओसरू द्या, महिन्याने मतदान घेऊ, तर आम्हाला तो अपमान वाटला असता. दुःखात असलेल्या माणसाला कृती हवी असते. महिनाभराने सगळे आपापल्या कामाला लागतात, आणि मागे आम्हीच उरतो.

हे नियमांत कसं बसवणार, सांगा.

लालबागची_सून

दादा, तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा.

काळा_घोडा

बोरीबंदर, तुम्ही लिहिलंत ते पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या घराला त्या तीन दिवसांत जे मिळालं ते खरं होतं, आणि मी त्याच्यात वाद घालणार नाही.

त्याच दुरुस्तीने यूएपीएत जामिनाची अट कडक झाली, कलम ४३ड(५). आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. खटले वर्षानुवर्षं चालतात. २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की खटला लवकर संपण्याची चिन्हं नसतील आणि माणूस फार काळ आत असेल तर जामीन देता येईल. हा बोजा कुणावर पडेल, याची त्या तीन दिवसांत पुरेशी चर्चा झाली नाही.

पण तुमच्या प्रश्नाला एक जुनं उत्तर आपल्याच संसदेत आहे. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९८५ ला आला तो दोन वर्षांच्या मुदतीचा. मुदत संपली की सरकारला पुन्हा संसदेपुढे यावं लागे. तो वाढत गेला, १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटलाही त्याखालीच चालला. मे १९९५ मध्ये मुदत संपली तेव्हा संसदेने ती वाढवली नाही, कारण तोवर त्याच्या गैरवापराच्या तक्रारींचा ढीग समोर होता. तसाच पोटा कायदा २००२ ला तीन वर्षांसाठी आला आणि २००४ मध्येच रद्द झाला. २००८ च्या दुरुस्तीला अशी मुदत नव्हती.

म्हणजे दुःख ताजं असताना कायदा करा, त्याच दिवशी करा. फक्त त्याच्या पोटात दुसऱ्या चर्चेची तारीख घालून ठेवा. पहिल्या चर्चेत ज्यांचं ऐकलं गेलं नाही त्यांना दुसऱ्या चर्चेत बोलता येईल, आणि तोवर कायद्याने काय केलं याचे कागदही हातात असतील.

प्रतिवेदक_निवृत्त

मुदतवाढीच्या चर्चा मी ऐकल्या आहेत. बहुतेक वेळा जेवणाच्या सुट्टीनंतर लागतात आणि बाकं रिकामी असतात. तारीख घातली तर वेळही घालून ठेवा, सकाळची.

बोरीबंदर

काळा_घोडा, हे मला मान्य आहे. दोन वर्षांनी हा कायदा पुन्हा चर्चेला येणार आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आमची हरकत नव्हती. आमचं दुःख दोन वर्षांत संपणार नव्हतंच. मात्र त्या दुसऱ्या चर्चेला ज्यांची माणसं गेली त्यांनाही गॅलरीत बसायला बोलवा, आणि ज्यांना विनाकारण आत ठेवलं त्यांच्या घरच्यांनाही.